शेवटचं गाणं

दारव्ह्याचे रेडिओ-मिस्त्री दुरुस्त झालेला प्रत्येक रेकॉर्ड प्लेअर एकाच रेकॉर्डवर तपासायचे. कुणी अमेरिकन बाई ब्राझीलच्या ठेक्यावर अगदी कुजबुजल्यासारखी गायची. शेवटचं गाणं लागलं की मिस्त्री सुई उचलत.

"काहून उचलता?" मी एकदा विचारलं.

"गानं संपलं का बाई निघून जाईन ना, मास्तर." बिडीने त्यांचा आवाज पार खरखरीत झाला होता.

एका दुपारी माझा प्लेअर न्यायला गेलो. मिस्त्री पाठमोरे बसले होते. शेवटचं गाणं लागलं, तरी त्यांनी सुई उचलली नाही. इतक्यात लाइन गेली. रेकॉर्ड थांबली, गाणं मात्र चालूच राहिलं. मी वाकून पाहिलं, तर मिस्त्रींचे ओठ हलत होते.

"बसा मास्तर," ते त्या बाईच्याच आवाजात म्हणाले, "आता संपूनच राह्यलं."