पिनांचा डबा

आमच्या वृद्धनिवासात सकाळी सातला, चहाच्याही आधी, आमच्या हातांची तपासणी व्हायची. व्हरांड्यात आम्ही अकरा सेविका ओळीनं उभ्या आणि समोर मुख्य सेविका, म्हणजे आपा. आपा नखं नुसती बघत नसत. एकेकीचा हात घेऊन तो उलटासुलटा स्वतःच्या गालावरून फिरवत. कुठं टोचलं, खरखर लागली, की "घासून ये" म्हणून परत पाठवत. पहिल्या दिवशी साठीच्या बाईनं माझा हात असा गालाला लावला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा आठवडाभर मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

आपा रोज खुलताबादहून पहिल्या एसटीनं येत. अंगात पांढरा सुती कमीज, बाह्या कोपराच्या वर सुती पट्टीनं बांधलेल्या, डोक्यावरच्या ओढणीची मागं घट्ट गाठ. अंगाला वास असलाच तर साबणाचा. आमच्यातली एक जण एकदा सेंट मारून आली. आपांनी तिला नळावर नेऊन मान धुवायला लावली. "अत्तर लावून पाव्हणे येत्यात," त्या म्हणाल्या, "आपण पाव्हणे नाय. आपण इथंच राहनार."

त्यांचं खरं वैर होतं ते पिनांशी. आपल्या बायकांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. पदराला एक पिन, निऱ्यांना एक आणि वेळेला असावी म्हणून दोन-तीन बांगडीत नाहीतर मंगळसूत्रात अडकवलेल्या. आपा बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा पुढं करत आणि आम्ही सगळ्या पिना त्यात टाकायच्या. संध्याकाळी घरी जाताना जिच्या तिला परत. पदरासाठी त्यांनी ब्लाऊजच्या खांद्याला बंद शिवायला शिकवलं. बांगड्यांवरून मात्र सुरुवातीला बरीच कुरबुर झाली. सवाष्णींनी हात मोकळे कसे ठेवायचे? आपांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येकीच्या बांगड्यांवर स्वतः गुंडाळल्या. "तुमचा मान बी ऱ्हायला अन् म्हातारीचं कातडं बी," म्हणाल्या.

तरी मी शहाणपणा केलाच. मंगळसूत्रातली एक पिन मी डब्यात टाकत नसे. माझी आई सोयगावात जन्मभर तशीच पिन अडकवून वावरली, तिनं कुणाला ओरखडा काढला नाही, असा माझा हिशेब. एका सकाळी कमलआजींना खाटेवरून खुर्चीत घेताना मी वाकले, मंगळसूत्र ब्लाऊजबाहेर लोंबलं आणि पिनेनं आजींच्या हाताचं कातडं बोटभर सोलून काढलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसं. आजी ओरडल्यासुद्धा नाहीत. मलाच म्हणाल्या, "असू दे बाळ, तू मुद्दाम नाही केलंस." ते ऐकून मी जास्तच रडले.

आपांनी जखम धुतली, पट्टी बांधली, मग माझ्याकडं वळल्या. "रडायचं घरी. इथं अगोदर पिन काढ." मी काढली. दुपारी आजींची लेक तावातावानं आली, कुणी केलं हे म्हणून. मी पुढं होणार तोच आपा म्हणाल्या, "आज तपासनीत माझी नजर चुकली. माझा कसूर हाय." घरात कमावणारी मी एकटी होते. त्या दिवशी माझी नोकरी वाचली ती आपांनी आपली मान पुढं केली म्हणून. त्यानंतर मात्र मी त्यांना कधी मनातसुद्धा शिवी दिली नाही.

मग नवे व्यवस्थापक आले. आधी हॉटेलात होते, त्यामुळं त्यांना आम्ही फारच गबाळ्या दिसलो. त्यांनी चकचकीत नायलॉनचे गणवेश शिवून घेतले, हलकी लिपस्टिक सक्तीची केली आणि छातीवर लावायला पितळी बिल्ले आणले. टोकदार कोपरे, मागं पिन. सगळ्यांना सभागृहात बोलावून बिल्ले वाटले आणि म्हणाले, "भेटायला येणाऱ्यांवर छाप पडली पाहिजे."

आपा उठल्या, पुढं जाऊन त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि हात पसरले.

"साहेब, बिल्ला लावा अन् मला उचला."

"काय?"

"मी म्हातारी हाय, माझ्या पायात जोर नाय. काखेत हात घाला, छातीशी धरा अन् उचला. आमी रोज आठ वेळा उचलतो. तुमी एकदा उचला."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी काही उचललं नाही. आपा उठल्या, सोबत आणलेल्या डब्याचं झाकण काढलं आणि आपला बिल्ला आत टाकला. "छाप पाडायची तर भिंतीवर पाडा. या लोकांच्या कातड्यावर नाय."

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी डब्यात एकच बिल्ला पडला. "उद्यापासून बिल्ला नसेल तिनं येऊ नये," असं साहेब म्हणाले आणि आम्ही अकरा धडधाकट बाया जमिनीकडं बघत बसलो. ज्या बाईनं माझ्यासाठी मान पुढं केली तिच्यासाठी मला साधा हात वर करता आला नाही. त्याची लाज आजही वाटते.

आपांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. फाटकाशी माझा हात घेतला, सवयीनं गालावरून फिरवला आणि डबा माझ्या हाती दिला. "हात चांगला झालाय तुझा," म्हणाल्या. माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडं त्यांनी पाहिलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी डबा घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. पहिला माझा बिल्ला आत टाकला आणि म्हणाले, "हात दाखवा." एक पुढं आली, मग दुसरी, मग साऱ्या. डबा जड झाला. तेवढ्यात साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. माहितीपत्रकासाठी त्यांना कमलआजींचा हात हातात घेतलेला फोटो हवा होता. मी दारात आडवी झाले.

"साहेब, हात दाखवा."

"बाजूला व्हा. तुम्हाला घरी बसायचंय का?"

"बसवा. पण आत जायचं तर हात दाखवून."

माझ्यामागं सगळ्या जणी उभ्या राहिल्या, एकीच्याही छातीवर बिल्ला नाही. अकरा जणींना एकदम घरी बसवलं तर म्हाताऱ्यांना अंघोळ कोण घालणार, हा विचार त्यांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसला. त्यांनी हात पुढं केला. तो आपल्या गालाला लावायचं मला काही जमलं नाही; त्यांचाच त्यांच्या गालावरून फिरवायला लावला. जाडजूड घड्याळ काढून डब्यात टाकायला सांगितलं. त्यांनी टाकलं.

बिल्ले परत कधी आले नाहीत. गणवेश सुती झाला आणि खिशावर आमची नावं आजींना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत दोऱ्यानं भरली गेली. आपांना मात्र कुणी परत बोलावलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून जायचा नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

साहेबांचा हात तपासला त्याच संध्याकाळी मी खुलताबादला आपांना फोन लावला आणि घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. सांगताना रडलेही. आपांनी मधे एकदाही तोडलं नाही. वाटलं, आता शाबासकी देतील.

"नखं कापली व्हती का त्यानं?" आपांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. "नव्हती, आपा."

"मग आत कसा सोडलास?"