रायफलला खोबरेल तेल

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या समोर राहणाऱ्या गुजराती काकूंकडे भर दुपारी घरफोडी झाली. काका-काकू देवळात गेले होते, जेमतेम दोन तास. तेवढ्यात कुणीतरी मागचं काचेचं दार फोडून आत शिरलं. टीव्हीला हात लावला नाही, लॅपटॉपला लावला नाही, सरळ बेडरूममधलं कपाट गाठलं. देशी घर म्हणजे सोनं, हे आता इथल्या चोरांनाही पाठ झालंय. काकूंच्या आईच्या बांगड्या गेल्या. काकू माझ्या सोफ्यावर बसल्या होत्या, रडत नव्हत्या, नुसती स्वतःची मनगटं चोळत होत्या. मला ते बघवेना.

मी घरून काम करते. माझं ऑफिस आमच्या बेसमेंटमध्ये आहे. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातो तो संध्याकाळी उगवतो, म्हणजे दिवसभर घरात मी एकटी. त्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं की मी बंदूक घेणार आहे. तो पोहे खात होता. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय, मग माझं तोंड बघून त्याने चमचा खाली ठेवला. अलार्म लावू म्हणाला, कुत्रा पाळू म्हणाला, कॅमेरे बसवू म्हणाला. कॅमेरे काकूंकडेही होते, म्हटलं. त्यांत चोर फार छान दिसले.

नवऱ्याला ठाऊक आहे की एकदा मी ठरवलं की ठरवलं. शिवाय मी काही अगदीच अडाणी नव्हते. कॉलेजात एनसीसीमध्ये होते. पोटावर पडून नेम धरायचा, आणि माझा नेम आमच्या तुकडीतल्या मुलांपेक्षा बरा होता. त्या वयात मिळालेली शाबासकी माणूस जन्मभर पुरवून खातो, तशी मीही खाते.

आमच्यापासून अर्ध्या तासावर नेमबाजीची एक रेंज आहे. तिथे शिकवणारा म्हातारा पूर्वी शाळेची बस चालवायचा. चाळीस वर्षं दंगेखोर पोरं सांभाळलेला माणूस, त्यामुळे आवाज अगदी शांत. त्याने आधी माझ्या हातात पिस्तूल दिलं. त्याचा वरचा भाग मागे खेचताना माझ्या अंगठ्याच्या सांध्यांनी हाय खाल्ली. मग शॉटगन दिली, तर खांद्यावर असा जांभळा वळ उठला की आठवडाभर ब्लाउज घालताना कळ यायची. मग त्याने कोपऱ्यातून एक जुन्या धाटणीची रायफल आणली. लाकडी दस्ता, आणि चापाखाली एक मोठी कडी. ही कडी म्हणजे लिव्हर. खाली ओढून परत वर आणायची, की वापरलेलं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन नळीत जातं. पिस्तुलाचंच काडतूस चालतं, त्यामुळे धक्का बेताचा. आमच्या राज्यात पुष्कळ बंदुकांवर बंदी आहे, हिच्यावर नाही. मी ती खांद्याला लावली आणि मला वाटलं, ही आपली.

बंदूक बाळगायला लागतं ते राज्याचं कार्ड आलं, पैसे भरल्यावर तीन दिवस थांबायचा नियम असतो तो पाळला, आणि रायफल घरी आली. बेसमेंटमधल्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी एक लोखंडी कपाट बसवून घेतलं, आकड्यांच्या कुलुपाचं. म्हाताऱ्याने एक गोष्ट माझ्याकडून घोकून घेतली होती. चोराला शोधत घरभर हिंडायचं नाही. ऑफिसचं दार आतून लावायचं, पोलिसांना फोन करायचा, टेबलाच्या मागे बसायचं आणि रायफल दाराकडे धरायची. सोनं नेत असेल तर नेऊ दे. दार फोडून माझ्यापर्यंत आला तर मात्र त्याची खैर नाही. हे मी इतक्या वेळा करून बघितलं की नवरा म्हणायला लागला, चोराला बिचाऱ्याला आधी फोन करून यायला सांग.

मग खंडेनवमी आली. माझे वडील कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला आपलं मशीन स्वतःच्या हाताने पुसायचे, तेल द्यायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचे नाहीत. ज्या वस्तूच्या जिवावर आपण जगतो तिला वर्षातून एकदा नमस्कार करावा, एवढाच त्यांचा धर्म. मीही इथे तीस वर्षं तेच करत आलेय. हॉलमध्ये पाट मांडला. त्यावर माझी विळी, नवऱ्याचं ड्रिल, दोघांचे लॅपटॉप, आणि यंदा मधोमध रायफल, अर्थात रिकामी.

रायफलला द्यायचं तेल वेगळं मिळतं. माझ्याकडे त्याची बाटली होती. पण त्याला औषधाच्या दुकानासारखा उग्र दर्प येतो, आणि पूजेच्या वस्तूला असलं काहीतरी फासायला माझं मन घेईना. मी सरळ माझी खोबरेल तेलाची बाटली आणली. नळीला लावलं, कडीला लावलं. वडील म्हणायचे, मशीनला तेल आतून पाहिजे, वरून लावणं म्हणजे पावडर फासणं. म्हणून काडतुसं जिथून आत सरकवतात त्या फटीतही चांगलं सढळ हाताने सोडलं. मग हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. रायफल अशी झळकत होती की मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी काडतुसं भरून परत कपाटात ठेवली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोटो टाकल्यावर पाचच मिनिटांत जर्सी सिटीहून मुलीचा फोन आला होता. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. एरवी माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते, पण फार रागावली की अगदी शुद्ध मराठी बोलते. त्या दिवशी शुद्ध मराठी बोलली.

"आई, ती वस्तू त्या घरात असेपर्यंत मी हिला घेऊन येणार नाही."

ही म्हणजे माझी नात. तीन वर्षांची. मला फोनमधली आजी म्हणून ओळखणारी. नोव्हेंबरच्या सुट्टीत पाच दिवस यायची होती, वर्षभरात पहिल्यांदा. मी तिच्यासाठी ठोकळे आणले होते, चट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आणली होती, फ्रॉक शिवून ठेवले होते. आणि मी काय करावं? पोरीवर उलटून ओरडले. म्हटलं, तू मला शिकवू नकोस, मी तुला शिकवलंय, माझ्या घरात काय ठेवायचं ते मी ठरवीन. तिने फोन ठेवला आणि पुढचे दहा दिवस उचलला नाही. मी तोऱ्यात होते, पण रोज सकाळी आधी फोन बघत होते, हे कशाला लपवू.

शेवटी नवऱ्याने दोघींच्या मध्ये पडून तोड काढली. रायफल पूर्ण रिकामी करायची, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची, आणि हे मुलीला व्हिडिओवर दाखवायचं. मला अपमान वाटला. पण नातीसाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. नोव्हेंबर उजाडला होता, बाहेर पहिला बर्फ पडून गेला होता, बेसमेंटमध्ये मी शाल पांघरून काम करत होते. नवऱ्याने फोन धरला. मी रायफल भिंतीकडे धरली आणि कडी खालीवर करत राहिले. एकेक काडतूस गालिच्यावर पडत गेलं. पडायचं थांबलं तेव्हा मी नळीची मागची बाजू उघडी करून कॅमेऱ्याला दाखवली.

"किती गोळ्या होत्या?" मुलीने विचारलं.

"होत्या तेवढ्या पडल्या," मी म्हटलं. "रिकामी आहे. आता तरी तिकीट काढ."

तिने काढलं. मी जिंकल्यासारखी पायऱ्या चढून वर आले.

ती यायच्या आधीच्या शनिवारी नवरा सामान आणायला गेला होता आणि मी नातीसाठी नानकटाई करत होते. रायफलच्या दस्त्यावर अजून पूजेचं कुंकू होतं. ते मुलीला दिसलं तर पुन्हा आमचं वाजणार, म्हणून पुसून ठेवावी म्हटलं. वर आणून ओव्हनशेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवली. दोन घाणे निघेपर्यंत ती तिथेच त्या उबेत पडून होती. मग हात धुऊन मी ती उचलली, पुसली, आणि सवयीने कडी एकदा खालीवर केली.

माझी सवय अशी होती, की रिकामी रायफल पुसून झाली की कडी एकदा फिरवायची आणि चाप ओढून मागचा ताणलेला घोडा पाडून ठेवायचा. त्या दिवशी कडी हाताला जरा मऊ लागली. म्हणून चाप ओढायच्या आधी ती पुन्हा एकदा फिरवली. एक काडतूस उडून ओट्यावर पडलं आणि घरंगळत नानकटाईच्या ताटाला जाऊन लागलं.

नळीचं तोंड हॉलकडे होतं. तिथे सतरंजी अंथरलेली होती.

मी रायफल हळूच टेबलावर ठेवली, तोंड भिंतीकडे करून. काय झालं ते कळायला मला क्षणही लागला नाही. फटीत बोट घातलं, तर ओव्हनपासून लांबच्या बाजूला अजून पांढरा, कुंकवाने गुलाबी झालेला थर होता. थंडीत खोबरेल तेल थिजतं. हे मला कुणी सांगायला पाहिजे? रोज सकाळी डोक्याला लावायच्या आधी मी ती बाटली गरम पाण्यात बुडवून ठेवते. बेसमेंटच्या गारठ्यात तेल थिजलं, आतली स्प्रिंग शेवटचं काडतूस ढकलू शकली नाही, आणि ते आत चिकटून राहिलं. वर ओव्हनच्या उबेत सुटलं. सहा भरली होती मी. म्हणजे गालिच्यावर पाचच पडली होती. मुलीने विचारलं होतं किती, आणि मी मोजली नव्हती. मोजणं म्हाताऱ्याने शिकवलं होतं, फटीत बोट घालून बघणंही शिकवलं होतं. पण मला सगळं येतं ना.

घरात कुणी नव्हतं. काडतूस उचलून कुलपात टाकलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तेल पुसून काढलं, फटीत बोट घातलं, टॉर्च लावला, तीनदा बघितलं. रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, ते ओढून बघितलं. नानकटाई डब्यात भरली. मग फोन समोर ठेवून बसले. सांगितलं तर मुलगी येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर नात सतरंजीवर खेळत असताना मी तिच्या आईकडे बघून हसायचं कसं, हे मात्र दिसत नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललेय, बॉसशी, सासूशी, नवऱ्याशी तर रोजच. हे जमेना.

मी मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तेलासकट.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं," ती म्हणाली.

"नसतंच कळलं."

"आई, आय नीड टू थिंक," म्हणाली, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो नुसता हॉलमध्ये जाऊन सतरंजीची घडी घालून आला. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी मुलीचा मेसेज आला. विमान ठरल्याप्रमाणे येतंय, बाबांना एकट्यांनाच एअरपोर्टवर पाठव, आणि तो कपाटाचा आकडा मला आत्ता पाठव. मी पाठवला. का, हे विचारलं नाही. माझ्या स्वभावात न विचारणं बसत नाही, पण नाही विचारलं.

बुधवारी दुपारी गाडी अंगणात येऊन थांबली. नवरा उतरला नाही. नात मागच्या सीटवर टोपीत गुरफटलेली दिसत होती, काचेला हात लावून. मी दार उघडून पुढे झाले, तर मुलगी एकटीच उतरून माझ्या बाजूने आत गेली, बूट न काढता, थेट बेसमेंटमध्ये. मी मागोमाग गेले. तिने कपाट उघडलं, रायफल भिंतीकडे धरून बाहेर काढली. मी तिला जन्मापासून ओळखते, आणि मला तिचे हात अनोळखी वाटले. कडी तिने हळूहळू दहा वेळा फिरवली. फटीत बोट घातलं, टॉर्च लावून आत बघितलं, मग नळीतून एक पातळ काठी आरपार घालून बघितली. कुठूनतरी शिकून आली होती, माझ्यावर न विसंबता. मग काडतुसांचा डबा उघडला आणि मोठ्याने, मराठीत, एकेक करून मोजली. रायफल ठेवली, दार लावलं, कुलपाचा आकडा बदलला. नवा आकडा मला सांगितला नाही.

मला राग यायला हवा होता. माझं घर, माझी रायफल, माझं कुलूप. पण माझ्या मनात एवढंच होतं, की मी हिला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, आणि ही माझ्यापेक्षा सावध निघाली. डोळे भरून आले तेही तिच्यापासून लपवलं नाही.

ती वर आली. पायरीवर उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

"आता आण तिला," ती म्हणाली.

मी चपला घालायलाही थांबले नाही. बर्फातून मोज्यांवरच गाडीपर्यंत गेले.