परदेशातली प्रयोगशाळा पाहायला आम्ही मेडशीला गेलो

माझ्या बहिणीला परदेशात पीएच.डी. करायची आहे आणि दोन विद्यापीठांनी तिला बोलावले आहे. अशा वेळी शहाणी माणसे संकेतस्थळे वाचतात, तक्ते करतात, तज्ज्ञांशी बोलतात. आम्हीही ते सगळे केले आणि मग कामरगावहून मेडशीला गेलो. ज्यांच्यावर असा प्रसंग येणार आहे त्यांच्या सोयीसाठी हा मार्ग तपशीलवार लिहून ठेवतो. दोन्ही गावे वाशीम जिल्ह्यातच आहेत, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही.

आधी माझी पात्रता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडले. आता कामरगावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतो. पीकविमा, दाखले, भरती, सगळे. नावातली एक वेलांटी चुकली तर माणसाचे वर्ष जाते, म्हणून प्रत्येक फॉर्म मी तीनदा तपासतो. या भांडवलावर घरच्यांनी मला आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा सल्लागार नेमले.

रेणुकाने अमरावतीला एम.एस्सी. केले. तिच्यापुढे दोन पर्याय होते. पहिला अमेरिकेतला. विद्यापीठ इतके मोठे की आमच्या सरपंचानेही नाव ऐकलेले. तिथे कर्करोगावर काम करणारी बावीस जणांची प्रयोगशाळा आणि तिचे जगप्रसिद्ध सर. विद्यावेतनाची हमी पहिल्या वर्षापुरती, पुढे "निधीच्या उपलब्धतेनुसार". दुसरा कॅनडातल्या एका बर्फाळ गावातला. तिथे सिकलसेलवर काम करणाऱ्या एक बाई, त्यांचे तीन विद्यार्थी, आणि चांगले हवामान दिसावे म्हणून बहुधा वर्षभर वाट पाहून काढलेला एक फोटो. दोघांनाही सोमवारपर्यंत उत्तर हवे होते. एकाला हो म्हटले की दुसरी जागा गेली, आणि पुढची पाच वर्षे त्या 'हो'बरोबर काढायची.

मी एकतीस रकान्यांचा तक्ता केला. त्यात हिवाळ्यातले किमान तापमान होते, दातांचा विमा होता, वसतिगृहापासून किराणा दुकानाचे अंतरही होते. शेवटी अमेरिकेला अडुसष्ट गुण पडले आणि कॅनडाला साडेसदुसष्ट. इतक्या शास्त्रशुद्ध मेहनतीनंतर आम्ही अर्ध्या गुणावर येऊन थांबलो.

रेणुकाला अमेरिकाच हवी होती. त्यालाही कारण होते. काही वर्षांपूर्वी मेडशीचा एक मुलगा त्याच प्रयोगशाळेत गेला, तेव्हा त्याची बातमी पेपरात आली होती. ती वाचूनच हिने तिथे अर्ज केला. पण गेल्या महिन्यात तिला दिसले की संकेतस्थळावर त्याचे नाव 'माजी सदस्यां'मध्ये गेले आहे. बाकी माजी सदस्यांपुढे मोठमोठ्या कंपन्यांची नावे, याच्यापुढे कोरी जागा. तिने त्याला ईमेल केला. दोन ओळींचे उत्तर आले: प्रयोगशाळा उत्तम आहे, शुभेच्छा. दरम्यान माझ्या एका गिऱ्हाइकाने, ज्याची सासुरवाडी मेडशीची आहे, सांगितले की तो पोरगा दोन महिन्यांपासून घरीच आहे. सुटीवर.

शुक्रवारी संध्याकाळी महादेवकाका आले. काका आमच्या शेजारचे. तीस वर्षे सालगडी होते, म्हणजे दर गुढीपाडव्याला एका शेतकऱ्याशी वर्षाचा करार करायचा आणि त्याच्याकडे राबायचे. मी त्यांना दोन्ही पत्रे मराठीत वाचून दाखवली.

"किती सालाचा करार?" काकांनी विचारले.

"पाच."

"एकदम पाच? आमचा एका सालाचा राहे, तरी दिवाळीपासून पाडव्याची वाट पाहो. सुटी किती?"

"ते लिहिलं नाही, काका."

"मधात सोडलं तं?"

"व्हिसा जाते."

काका म्हणाले, "पाह्य बावा, धन्याले विचारू नको, थो गोडच बोलते. कामावर हाय त्या गड्यालेही विचारू नको, थो भेते. जो सोडून गेला त्याले विचार. आमी तेच करो. नवा धनी धरायच्या आंधी त्याच्या जुन्या गड्याच्या घरी जाऊन बसो."

इंटरनेटवरचे जे लेख मी भाषांतर करून वाचले होते त्यांतही बहुतेक हेच होते. फक्त त्यांना त्यासाठी चौदा परिच्छेद लागले होते.

शनिवारी सकाळी निघालो. कामरगाव ते कारंजा जीपने. जीप भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. दहाव्या माणसाला भरली असे मला वाटले होते. सुटली तेव्हा सोळा होतो. कारंज्याहून शेलूबाजारमार्गे मालेगावला एसटी आहे, म्हणजे एरवी असते. रामनवमी जवळ आल्याने अर्ध्या गाड्या पोहरादेवीच्या यात्रेला लावल्या होत्या. सव्वा तासात पोहरादेवीच्या पाच गाड्या गेल्या.

"मालेगावची कवा लागन?" मी चौकशीच्या खिडकीत तिसऱ्यांदा विचारले.

"पोहरादेवीले चालता का? लगेच हाय," खिडकीतला म्हणाला.

"मले मेडशीले जायचं आहे."

"मंग बसा. देवीचा मान मोठा."

रेणुका हसली. मी घड्याळ पाहिले. गाडी आली तेव्हा तिने खिडकी पकडली आणि मी तिच्या शेजारी एका पोत्याची बाजू. वाचकांनी लक्षात घ्यावे: महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ज्याला सल्ला हवा तो अर्ध्या तिकिटात जातो, सल्लागाराला पूर्ण पडते.

शेलूबाजारला चहा चांगला मिळतो, पण ड्रायव्हर उतरला तरच उतरावे. मालेगावला आलूबोंडा खाल्ला, गरम होता. तळलेली मिरची सोबत फुकट देतात आणि ती नंतर वसुली करते. तिथून अकोल्याकडे जाणारी कोणतीही गाडी मेडशीला थांबते. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर निघून गेलेली मोकळी काळी शेते. उन्हात पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी तक्ता पुन्हा तपासला. एका बेरजेत चूक सापडली. आता दोघांना सारखेच गुण झाले.

मेडशीला स्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगितला आणि मालकाला हळूच विचारले, "तो अमेरिकेतला मुलगा कुठे राहते? वैभव?" (नाव बदलले आहे. हा मजकूर त्याला दाखवला, त्याने दोन चुका काढल्या आणि परवानगी दिली.)

मालकाने आधी माझ्याकडे पाहिले, मग रेणुकाकडे, मग आमचे आडनाव विचारले. त्यानंतर त्याचा आवाजच बदलला.

"पोरगा एकदम सरळ हाय. सुपारी खात नाही."

"आणि तिथलं काम कसं आहे?"

"नंबर एक. साहेब त्याच्याशिवाय पानी पीत नाही."

बाकड्यावरच्या म्हाताऱ्याने भर घातली, "चार एकर ओलीत हाय. बहीण दिली. काई कटकट नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आले. आपल्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते: न कळवता जायचे, आधी हॉटेलात विचारायचे, मग घरी. आणि गावानेही ठरवलेले असते, पोराचे जमत असेल तर मोडता घालायचा नाही. मी कर्करोगाच्या प्रयोगशाळेची माहिती काढत होतो आणि गाव मला विहिरीचे पाणी सांगत होते. खुलासा करायला तोंड उघडले, तोवर एक माणूस मोटारसायकलवरून वैभवच्या घरी वर्दी द्यायला गेलासुद्धा.

घरी पोचलो तेव्हा अंगणात सतरंजी टाकलेली होती. काकूंनी, म्हणजे वैभवच्या आईने, साडी बदललेली दिसत होती. आलूपोहे आले, चहा आला. वैभव दारात उभा होता. शर्ट त्याला आत्ताच घालायला लावला होता, घडीच्या रेषा दिसत होत्या.

"मी रेणुका. ईमेल केला होता," बहीण म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर सुटका आणि भीती एकदमच दिसली. तो काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "लिंबाखाली बसा अन् बोलून घ्या दोघं. काय विचारायचं ते आजच विचारा. भाऊ बसन जवळ, म्हंजे लोकं बोलत नाहीत."

जगातल्या कोणत्याही विद्यापीठाने अर्जदाराला माजी विद्यार्थ्याशी बोलायची इतकी चांगली सोय करून दिली नसेल.

लिंबाखाली बसल्यावर वैभव म्हणाला, "विचारा. फक्त हसून विचारा, आई खिडकीतून पाहून राह्यली."

"ईमेलात तं तुमी सगळं चांगलं लिहिलं होतं."

"ईमेल कुठंही जाते. शिफारसपत्र अजून सरांचंच लागन मले."

"सर वाईट आहेत का?"

"नाही ना. लय हुशार माणूस. कधी रागावले नाहीत. दोन महिन्यांत पंधरा मिनिटं भेटत, रागावतील कवा?" मग तो सांगत गेला. एकच प्रश्न सर दोघांना देत. जो आधी पोचेल त्याचे नाव शोधनिबंधावर लागे. दुसऱ्यांदा तो मागे राहिला तेव्हा दोन वर्षे झाली होती. "मंग बाबा आजारी पडले. सुटी मागतली. सर म्हणे, अवश्य जा, कुटुंब आधी. महिन्यानं परत गेलो तं माह्या टेबलावर दुसऱ्याचं सामान. तिसऱ्या सालात निधी संपला. म्हणे, दुसरी लॅब शोधा. सापडली नाही."

"बावीसही जणांचं असंच होते का?"

"नाही. चार-पाच जणांचं सोनं झालं. संकेतस्थळावर त्यांचेच फोटो हायत. जो कोपर मारून वाट काढते त्याच्यासाठी ती जागा बेस हाय. मी तसा नाही, हे मले तिथं जाऊन समजलं." त्याने रेणुकाकडे पाहिले. "तुमी कशा हायत ते मले काय माहीत?"

रेणुका हसायचे विसरली. मी वहीत काही लिहिले नाही. एकतीस रकान्यांत हा रकाना नव्हता.

"काकूंना माहीत आहे?" तिने विचारले.

"जूनमध्ये परत चाललो म्हणून सांगतलं आहे."

तेवढ्यात काकू आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. "पसंत आहे ना, भाऊ? जूनच्या आंधी उरकून टाकू, म्हंजे दोघंही सोबतच जातीन."

माझ्या तोंडात पोहे होते, त्याचा मी पुरेपूर उपयोग केला. वैभव जमिनीकडे पाहत होता. बोलली रेणुका. "काकू, आमी लग्नासाठी नाही आलो. मले तिथं शिकाले जायचं आहे. जाऊ का नको, हे यायले विचाराले आलो. हॉटेलातच सांगाले पाहिजे होतं, चुकलं आमचं."

काकूंचा हात ताटलीवर थांबला. "मंग काय सांगतलं यानं?"

मी रेणुकाकडे पाहिले, तिने वैभवकडे. शेवटी वैभवच म्हणाला, "सांगतलं की मी सोडून आलो, आई. सुटी नाही ते."

काकूंनी ताटल्या एकात एक ठेवल्या. सगळ्या ठेवून झाल्यावर म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. सुटीवर आलेला माणूस आठ दिवसांनी कटाळते. तू दोन महिन्यांपासून झोपून राह्यला." मग माझ्याकडे वळून, "तुमी जेवूनच जा. स्वयंपाक तसाही दहा माणसांचा झाला."

जेवलो. पातोडीची भाजी होती आणि घरचे लोणचे. जेवताना काकूंनी वैभवला एकच विचारले, तीन वर्षे वाया गेली का. तो म्हणाला, दुसरीकडे थोडी मोजतील. त्यांनी त्याला अजून एक भाकर वाढली. तो नको म्हणाला नाही.

परतीची गाडी मालेगावला अर्धा तास थांबते. तेवढ्यात रेणुकाने दोन्ही ठिकाणी तीन प्रश्न पाठवले: तुम्ही विद्यार्थ्याला किती वेळा भेटता, घरी जायला सुटी किती, आणि पहिल्या वर्षानंतर पैसा कुठून येणार. मी स्पेलिंग तपासले. महादेवकाकांचेच प्रश्न होते, फक्त इंग्रजी माझे आणि तिचे.

अमेरिकेतून उत्तर आम्ही शेलूबाजारला पोचायच्या आत आले. सरांच्या कार्यालयाने लिहिले होते की आमचे वातावरण प्रेरणादायी आहे, आणि सोबत रंगीत माहितीपत्रक जोडले होते. कॅनडाच्या बाईंचे उत्तर रविवारी दुपारी आले. दर आठवड्याला भेटते. वर्षाला चार आठवडे सुटी, घरी अडचण असेल तर जास्त. पैसा चार वर्षांचा हातात आहे. पाचव्या वर्षाचा नाही. आपल्याला मिळून शोधावा लागेल आणि तो मिळेलच असे मी सांगू शकत नाही.

रेणुकाने शेवटचे वाक्य दोनदा वाचले. "हिनं नाही ते नाही म्हणून सांगतलं, दादा," ती म्हणाली. सोमवारी सकाळी माझ्याच दुकानात बसून तिने कॅनडाला हो कळवले. नंतर बराच वेळ ती अमेरिकेच्या पत्राकडे पाहत बसली होती. कोपर मारणे तिला जमले असते का, हे आता कधीच कळणार नाही, आणि ते तिलाही माहीत आहे.

गावात कोणी पेढे मागितले नाहीत, कारण त्या विद्यापीठाचे नाव कोणाला घेता येत नाही. मोठी जागा का सोडली असे विचारतात, तेव्हा आई सांगते की अमेरिकेची हवा मानवत नाही. उणे तीस अंशांची मानवणार आहे, हे ती सांगत नाही. तुम्ही असा प्रवास करणार असाल तर सकाळी लवकर निघा, यात्रेचे दिवस टाळा, आणि हॉटेलात पहिल्याच वाक्यात सांगा की लग्नासाठी आलो नाही.

चार वर्षांची हमी तिच्या बाईंनी घेतली आहे. पाचव्या वर्षाची काळजी कोणीतरी करायला हवी, म्हणून मी ती आजपासूनच सुरू केली आहे.