रॅकूनचा पंजा

अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या एका गावात मगर, कासव, रॅकून असलं काही खायची हुक्की आली की वर्डेल खाटकाकडेच जावं लागे. तोंडाचा फाटका, पण धंद्याला चोख. रॅकून सोलला तरी त्याचा एक पंजा तो तसाच ठेवी. सोलल्यावर रॅकून आणि मांजर सारखंच दिसतं; पंजा असला म्हणजे गिऱ्हाइकाची खात्री पटते, की हे मांजर नव्हे.

शहरातून नव्याने आलेल्या पाद्र्याच्या बायकोला मात्र तो पंजा बघून शिसारी आली. "शी! तोडा तो आधी."

"बाई, मग गावात कुणी तोंड लावायचं नाही."

"तोडा म्हणते ना!"

"तोडतो. फजिती तुमची," म्हणत वर्डेलने सुरा चालवला.

रविवारी चर्चच्या जेवणात बाईंनी तो रॅकून रताळ्यांबरोबर भाजून मांडला. पंजा नाही म्हटल्यावर कुणी हात लावेना. सगळे वर्डेलकडे संशयाने बघू लागले, तसं त्याचं डोकं फिरलं. तरातरा पाद्र्याच्या घरात शिरून त्याने त्यांची मांजर मानगुटीला धरून आणली.

"बघा रे गाढवांनो! जिवंत आहे! आता गिळा!"

लोक हसले, ताटं पुढे सरकली.

तेवढ्यात म्हातारी ओझेल म्हणाली, "पण बाईंकडे दोन होत्या ना?"