वकिलाला सांगितलेलं

परतूरच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली केली. फार चालली असं नाही. वाटण्या, बांधाची भांडणं, रस्त्याचे दावे. पक्षकार समोर बसला की मी आधी दार लोटून घ्यायचो आणि म्हणायचो, "कोर्टाला काय सांगायचं ते मी ठरवीन, मला मात्र सगळं सांगा. इथलं इथंच राहतं." हे वाक्य माझ्या सीनियरनं शिकवलं होतं. ते ऐकलं की माणसं सैल व्हायची आणि खरं बोलायची.

लिहिण्याचा नाद कॉलेजपासूनचा. जालन्याच्या एका दैनिकाला अधूनमधून पत्रं पाठवायचो. संपादकांनी एकदा बोलावून विचारलं, "वकीलसाहेब, दर सोमवारी देता का?" माझी मतं त्यांना ठाऊक होती. नियम सगळ्यांना सारखा असावा, सरकारनं फुकट वाटणं थांबवावं, जुनी रीत मोडण्याआधी ती का पडली हे बघावं. ही मतं आजही माझीच आहेत. ती मागे घ्यायला मी हे लिहीत नाही. सदर चाललं. घनसावंगीच्या जीपमध्ये अनोळखी माणूस मलाच माझा लेख ऐकवायचा. कोर्टात माझं बोलणं कुणी असं लक्षात ठेवलं नव्हतं. दैनिकानं पूर्णवेळ बोलावलं तेव्हा मी वकिलीची सनद स्थगित करून घेतली, काळा कोट कपाटात टांगला आणि हातातली प्रकरणं दुसऱ्या वकिलाकडे दिली.

त्यात एक गायरानाचं होतं. वाटूरच्या बाजूचा एक बौद्ध शेतकरी, माझ्याहून वयानं मोठा. मी त्याला मामा म्हणायचो. गावच्या गायरानाचा एक तुकडा त्याच्या वडिलांनी दगड वेचून वहितीखाली आणला होता. ठरावीक तारखेच्या आधीपासून जो गायरान सलग कसत आला असेल, त्याच्या नावावर ते करता येईल, असा नियम होता. वस्तीतल्या आणखी काही घरांचेही असेच दावे होते. विरोधात गावातले मेंढपाळ. त्यांचंही खोटं नव्हतं. मेंढरं चारायला दुसरी जागाच उरली नव्हती.

दार लोटल्यावर मामा म्हणाला, "सायेब, एक भानगड हाये. मधी आमी समदे उसतोडीला गेल्तो. तवा काही सालं रान साडूला दिल्तं. पीक बी त्याचंच. गावाला वाटलं, आमच्यासाठीच करून राह्यला."

"साडू कुठं असतो?"

"राजूरकडं. आता बोलचाल न्हाई."

"मग हे इथंच ठेवून जा, मामा."

"ठिवलं," तो म्हणाला आणि हसला.

पुढे जिल्ह्यात गायरानाचा विषय तापला. अतिक्रमण हटवा म्हणून मोर्चे, हटवू नका म्हणून मोर्चे. मी लेख लिहिला. संपादकांनी वाचून परत केला. "सगळं बराबर आहे, पण उदाहरण कुठंय? नुसतं तत्त्व कोण वाचतं, साहेब?"

मी टेबलावर बसूनच उदाहरण घातलं. वाटूरच्या बाजूला, बांधावर सीताफळांची रांग असलेलं एक रान आहे; ते कसणारा स्वतः कबूल करतो, की मधली काही वर्षं ते त्याच्या साडूच्या ताब्यात होतं. नाव नाही, गाव नाही. आणि वर्तमानपत्राचं कात्रण कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, हे मला वकील म्हणून माहीत होतं. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं प्रकरण सोडल्यावरही बोलायचं नसतं, हेही माहीत होतं. पण सनद कपाटात आहे, तर हे बंधनही कपाटात आहे, असं मी धरून चाललो. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. लेखाला चांगली पत्रं आली.

मेंढपाळांच्या वकिलानं कात्रण कोर्टात दाखवलंच नाही. तो सरळ राजूरला गेला आणि साडूला साक्षीला घेऊन आला. मामाचा दावा फेटाळला गेला. रान गेलं.

मामानं निरोप पाठवून मला वाटूर फाट्यावर हॉटेलात बोलावलं. मी गेलो.

"सायेब, लई भारी लिवलं तुमी. पोरीनं वाचून दाखवलं."

"मामा, मी नाव कुठं घातलंय?"

"न्हाई घातलं. बराबर. सीताफळ घातलं." त्यानं चहा बशीत ओतला. "गावात मला नावानं कोन हाक मारतं? सीताफळवाला म्हन्त्यात. बारक्या लेकरापासून."

हॉटेलवाला मोठ्यानं हसला. मीही हसलो.

"रानाचं जाऊ द्या," मामा म्हणाला. "पन तुमी लिवलं, तो सोता कबूल करतो. वस्तीतले म्हन्त्यात, यानं पेपरवाल्याला मुलाखत दिली. मेंढरावाल्यांचं खाऊन आमचे बी दावे बुडवले. विहारात कुनी बाजूला बसंना. तुमी येवढंच लिवा, म्या हे वकिलाला सांगितल्तं. पेपरवाल्याला न्हाई."

"तसं लिहिता येत नाही, मामा. सनद जाईल माझी."

"सनद तर तुमी टांगून ठिवली म्हन्ले ना?"

"तरी."

"मंग हाये तिथंच हाये का ती? म्हंजे तुमी अजून वकीलच?"

मी "बघतो" म्हणालो. वकील 'बघतो' कधी म्हणतो, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. त्यानं बशी उपडी ठेवली आणि उठला.

त्याच आठवड्यात मी दिलेला शब्द पाळण्याच्या जुन्या रीतीवर लिहिलं. ठरवून नाही, विषय आधीचा होता. तो लेखही लोकांना आवडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मामाच्या पोरीच्या लग्नात वस्तीतली माणसं नावापुरती आली. मामा विहारात जायचा थांबला. मी माझी सोमवारची जागा भरत राहिलो आणि वाटूरहून जाताना बसमधून दुसऱ्या बाजूला बघायचो. त्यानं बार कौन्सिलकडे तक्रार केलीच तर म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं उत्तर. त्यानं कुठंच तक्रार केली नाही.

वस्तीतल्या बाकीच्यांचे दावे आता निकाली निघालेत. माझ्या लिहिण्यानं बिघडायचं असं काही उरलेलं नाही. मला अडवणारी फक्त सनद होती, आणि दुसऱ्यांना नियम सांगणाऱ्यानं आपलीच चूक छापायची, ही लाज. संपादकांना हे वाचायला दिलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, विचार करा. तुमच्यावर येईल." येऊ दे. लिहिण्याची परवानगी मी नव्यानं मागितली नाही. त्यानं ती फाट्यावरच दिली होती.

तर त्यानं जे सांगितलं ते लोटलेल्या दाराआड, काळा कोट घातलेल्या वकिलाला सांगितलं. पेपरवाल्याला त्यानं एक शब्द सांगितला नाही आणि मेंढपाळांकडून काही घेतलं नाही. ते पेपरात मी नेलं. त्याचं नाव याही वेळी घालत नाही. बांधावर सीताफळांची रांग होती, एवढंच पुन्हा लिहितो. त्याच्या वस्तीला तेवढं पुरतं.