मुंबई ते टोरांटो, व्हाया समोरचा फ्लॅट

मुंबई ते टोरांटो अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि मधे विमान बदलायचं धरून वीस-बावीस तास लागतात, हे मी नाशिकच्या आमच्या सोसायटीत इतक्या जणांना ऐकवलं होतं, की मी लिफ्टमध्ये दिसलो की लोक जिन्याने जायला लागले. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. कळा सुरू होतील तेव्हा आई जवळ हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

जावयाने तिकिटं भाडं बघून काढली, पंचांग बघून नाही. निघायचा दिवस नेमका रविवार, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे त्या दिशेला निघणं अशुभ. विमान आधी उत्तरेकडे जातं, हे मी फोनवरचा नकाशा दाखवून सांगितलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझे मेहुणे पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करतात, त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोड असते. "प्रस्थान ठेवा," ते म्हणाले. म्हणजे आदल्या दिवशी चांगल्या वेळेला सामानातली एखादी वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात.

"काय ठेवू, दादा?" बायकोने विचारलं.

"जिच्यावाचून पाऊल पुढे पडणार नाही, अशी वस्तू ठेव."

लोक सुपारी ठेवतात, हळकुंड ठेवतात. बायको सरळ विचारांची. तिने दोघांचे पासपोर्ट पर्समध्ये घातले आणि पर्स समोरच्या फ्लॅटमध्ये देवापुढे ठेवून आली. मलाही ते तर्काला धरून वाटलं.

रविवारी सकाळी टॅक्सी खाली उभी, बॅगा डिकीत आणि समोरच्या दाराला कुलूप. शेजारी पहाटेच नामपूरला पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते. फोन लावला तर पलीकडे डीजे. शेवटी एकदाचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते घाबरून थेट अहिराणीवर आले, "अरे देवा! चावी ते मनापाशीच शे!" किल्ली त्यांच्याच खिशात होती. पुतणीचा साखरपुडा तसाच टाकून बिचारे गाडी काढून निघाले. मी तोवर कुलूपवाल्याला आणलं. त्याने दारावर दोनदा टकटक केलं आणि मनापासून दाद दिली. "भारी दरवाजा हाय काका. हा नाय उघडायचा."

बायको जिन्याच्या पायरीवर बसून त्या दाराकडे बघत होती. चिडायचं ठरवून मी तिच्याकडे वळलो आणि मला तिची फार कणव आली. तेवढ्यात मुलीचा फोन. कळा सुरू झाल्या होत्या, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी.

"आई, निघालात ना?"

"निघालोय गं बाळा," बायको म्हणाली.

ते खोटंही नव्हतं. शास्त्राप्रमाणे आम्ही कालच निघालो होतो.

शेजारी धापा टाकत पोचले तोवर मुंबईचं विमान गाठणं शक्य नव्हतं. पर्स देवापुढे सुखरूप होती, वर एक जास्वंदीचं फूलही वाहिलेलं होतं. नवी तिकिटं मिळेपर्यंत नात जन्मालाही आली होती. मग आम्ही साडेबारा हजार किलोमीटर गेलो. विमान अगदी वेळेवर होतं, त्याचं कौतुक मी या वेळी कुणाला सांगितलं नाही.

मुलीने दार उघडलं. बाळ आईच्या हातात दिलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "खूप दुखलं गं आई. तू हवी होतीस."