माझ्या माहेरच्या मागावर

आमच्या तिघींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ची तीन वर्षं आम्ही एका बाकावर काढली, एकमेकींची जर्नलं उतरवली, आणि लग्नं झाली तशा एकमेकींच्या आयुष्यातून नाहीशा झालो. एक नागपूरला गेली. तिचं साड्यांचं दुकान आहे, आणि बोलण्यात ती तेव्हाही आम्हा दोघींना सहज गुंडाळायची. दुसरी जवाहरनगरला, नवरा फॅक्टरीत, क्वार्टरसमोर गुलाबाच्या कुंड्या. मी मोहाडीकडच्या एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेचं अनुदान मी लागले तेव्हापासून येतंच आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही क्वार्टरवालीकडे जमलो. वीस वर्षांचं बोलणं दोन तासांत उरकायचं म्हणून तिघीही एकदमच बोलत होतो. मी काकांनी विणलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी नेसले होते. नागपूरवाली बोलता बोलता थांबली, माझा पदर हातात घेतला आणि काठावरून बोट फिरवत राहिली. करवतीच्या दातांसारखा तो काठ आता छापूनही मिळतो. माझे काका मात्र अजून हातानेच तीन धोटे चालवून तो विणतात. अंगाचा धागा आणि काठाचा धागा दाता-दाताला एकमेकांत अडकवत जातात. हे मी तिला सविस्तर सांगितलं. मास्तरणीला कुणी काही विचारलं की ती फळ्यासमोर उभी असल्यासारखीच उत्तर देते.

"घरात अशी विद्या आहे, अन् तू काहून सडून राहिली त्या शाळेत?" ती म्हणाली. मग तिघींनी मिळून कोशाचं काम सुरू करायचं ठरलं. विणायचं काम काकांच्या मागावर, विकायचं नागपूरला, आणि रंग-नमुने माझ्याकडे. त्या दिवशी मी घरी आले ती जमिनीवरून चालतच नव्हते. त्रेचाळिसाव्या वर्षी कुणाला तरी आपण हव्या आहोत, यासारखं दुसरं सुख नाही.

पौषात मी दोघींना काकांकडे घेऊन गेले. माझे वडील गेल्यापासून काका-काकूंचं घर हेच माझं माहेर. काका मागावरून उठले नाहीत, पण धोटा थांबवून दोघींना सगळं दाखवलं. निघताना मीच काकूला आत जाऊन म्हटलं, पहिल्यांदाच आल्यात, यांची ओटी भर. आमच्याकडे ओटी भरली की ती बाई घरची लेक होते. पुढे ती कधीही आली तरी तिला कशाला आलीस म्हणून विचारायचं नसतं, आणि लेकीच्या कामाला नाही म्हणायचं नसतं. काकूने माझ्या डोळ्यांदेखत दोघींच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. नागपूरवालीचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

त्यानंतर मी विचार करत बसले. अनुदानाचा टप्पा याच वर्षी लागणार अशी बातमी आली की वाटायचं, इतकी वर्षं फुकट घासली, आता तोंडाशी आलेला घास कसा सोडू? बातमी खोटी निघाली की राजीनामा लिहायला घ्यायचे. नवरा म्हणाला, तुला करायचं असेल तर कर, पण मला रोज विचारू नकोस. काकांना मात्र दर भेटीत सांगायचे की बस, आता येतेच मी. फाल्गुनात पळस फुलला तेव्हा रविवारी रविवारी घरच्या गॅसवर फुलं उकळून कोशाच्या लडी रंगवल्या. चौथ्या खेपेला हवा तसा केशरी उतरला, धुतल्यावरही टिकला. मी तो ग्रुपवर टाकला. फुलं किती, तुरटी किती, किती वेळ उकळायचं, सगळं मापासकट. दोघींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मग ग्रुपवर हळूहळू फक्त सुप्रभात उरलं, आणि मला वाटलं, संसारातल्या बायका, असतात कामं.

शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझं ठरलं. नव्या सत्राला शाळेत जायचं नाही. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आणि आधी काकांना सांगावं म्हणून सकाळच्या एसटीने निघाले.

काका मागावर होते. समोर साडीच्या उभ्या धाग्यांचा ताणा चढलेला होता, नवा कोरा. अंग कच्च्या कोशाच्या रंगाचं आणि दोन्ही काठ पळसाचे केशरी. माझा रंग होता तो. मी स्वतः उकळलेला रंग मला ओळखू येणार नाही का? क्षणभर वाटलं, काकांनी मला चकित करायला चढवला असेल. मी हसतसुद्धा होते.

काकू म्हणाली, "तुही नागपूरची मैत्रीण आणून देल्ली ना लडी. रंगवूनच आणल्या. तुले मालूम नाई?"

मला मालूम नव्हतं. चैत्रात ती दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा क्वार्टरवालीला सोबत घेऊन. मागावर एकदा ताणा चढला की तो पूर्ण विणून होईपर्यंत दुसरा चढत नाही, आणि अर्धा ताणा कापून टाकणं आमच्या घरात कुणी ऐकलेलंही नाही. हा निघाला की पुढचाही तिचाच चढणार होता, तसा शब्द काकांनी दिला होता. काठ विणणारी दुसरी दोन घरं गल्लीत उरली होती, तिथेही ती जाऊन आली होती.

मी अंगणात जाऊन तिला फोन लावला. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्यामुळे काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "तू सोडणार नव्हती गं शाळा. आम्हाले कॉलेजपासून मालूम आहे तू कशी आहे ते. तुह्यासाठी किती दिवस थांबायचं?" राजीनामा माझ्या पर्समध्ये आहे हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय, तिला तो विनोदच वाटला असता. क्वार्टरवालीने फोन उचलला नाही. मग तिचा मेसेज आला की तिला या भांडणात पडायचं नाही. त्या बाईच्या ताटात मी तीन वर्षं जेवले होते.

आत आले. काका विणतच होते. मी म्हटलं, तिने माझं नाव सांगून तुम्हाला फसवलं ना, काका? मला त्यांच्या तोंडून हो ऐकायचं होतं. निदान या घरात आपण दोघंही सारखेच फसलो, एवढं तरी.

"पह्यल्या खेपेले मले वाटलं, तूच धाडली," काका म्हणाले. "दुसऱ्या खेपेले ते तुह्यं नाव घे नाई, तवा समजलो मी."

"मग तरीही चढवलात?"

त्यांनी धोटा पलीकडून काढून घेतला, दात अडकवला, बोटाने चाचपून पाहिला. पूर्वी ते कधी चाचपून पाहत नसत. हे मला तेव्हाच दिसलं.

"लेकीले नाई कसा म्हणू, ओटी भरली तिची. अन् तुही वाट पाह्यलो ना, बाई. तू येऊन राहिली, येऊन राहिली. माह्या डोळ्याईनं नाई वाट पाह्यली. दोन ताणे नीट निघतीन आता, मंग हा काठ होत नाई माह्यानं."

"मला एक फोन करायचा होता, काका."

"केला असता तं तू अखीन इचार केला असता."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. आज ऊन आहे, अशा आवाजात म्हटलं. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं, म्हणून मी खिडकीच्या बाजूने मागापाशी सरकले. त्यांचा हात थांबला. ते ताण्यावर वाकले, डोळे बारीक केले, मग मान वर न करताच म्हणाले, "जरा बाजूले हो, बाई. उजेड अडला."